जुन्या भोंग्यांच्या चाचण्या: आधीची दहा मिनिटे आणि नंतरची दोन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इशारा देणाऱ्या जुन्या यांत्रिक भोंग्यांच्या तीन मासिक चाचण्या तुम्ही फोनवर ध्वनिमुद्रित करायला गेलात. पहिल्या वेळी आवाज फाटला, दुसऱ्या वेळी तो वाऱ्याच्या फरफरीखाली दबून गेला आणि तिसऱ्या वेळी भोंगा वाजलाच नाही. उपकरण कोणते घ्यावे, किती जवळ उभे राहावे आणि आवाजावरून भोंग्याची बनावट कशी ओळखावी, असे तुम्ही विचारले आहे. या छंदात माझी वीसएक वर्षे गेली आहेत आणि तुमच्या तिन्ही फजित्या माझ्या वाट्याला तुमच्यापेक्षा अधिक वेळा आल्या आहेत. उपकरणाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात. तो मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण भोंगा कसा वाजतो हे एकदा कळले की काय विकत घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे बरेचसे आपोआप ठरते.

यांत्रिक भोंग्यात पडदा नसतो, ध्वनिवर्धक नसतो, मुद्रित केलेला आवाजही नसतो. एक फिरते चाक असते, त्याला रोटर म्हणतात, आणि त्याच्याभोवती एक स्थिर कडे असते, त्याला स्टेटर म्हणतात. दोघांनाही सारख्या अंतरावर खिडक्या कापलेल्या असतात. रोटर फिरताना मधून हवा ओढून घेतो आणि कडेने बाहेर फेकतो. खिडकीसमोर खिडकी आली की हवेचा झोत सुटतो, भिंत आली की तुटतो. दर सेकंदाला असे जितके झोत तुटतात तितकी त्या स्वराची वारंवारता. शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकाने १८१९ मध्ये याच तत्त्वावरचे उपकरण स्वरांची वारंवारता मोजण्यासाठी सुधारले आणि ते पाण्याखालीही वाजते म्हणून ग्रीक पुराणातील गाणाऱ्या सागरकन्यांवरून त्याला ‘सायरन’ हे नाव दिले. म्हणजे आपण ज्याला धोक्याची सूचना देणारे यंत्र समजतो ते जन्माने मोजमापाचे यंत्र आहे, आणि छंद म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्याला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

उपयोगी अशी की खिडक्यांची संख्या आणि दर सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार केला की स्वर मिळतो. अमेरिकेत वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे. तेथील दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५७.५. रोटरला १२ खिडक्या असतील तर ६९० हर्ट्झ आणि १० असतील तर ५७५ हर्ट्झ मिळतात. युरोपात पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने तशीच मोटर मिनिटाला २,८०० ते २,८५० फेरे घेते आणि त्याच १२ खिडक्यांचा स्वर ५७० हर्ट्झच्या आसपास उतरतो. जर्मनीत शीतयुद्धाच्या काळात छपराछपरांवर बसवलेला ‘इ ५७’ हा छत्रीच्या आकाराचा भोंगा सुमारे ४२० हर्ट्झवर स्थिरावतो, तो याच हिशेबाने: ९ खिडक्या आणि मिनिटाला २,८०० फेरे.

अनेक भोंग्यांत एकाच दांड्यावर दोन रोटर बसवतात आणि त्यांच्या खिडक्यांची संख्या वेगळी ठेवतात, त्यामुळे एकाच वेळी दोन स्वर उमटतात. ज्यांना थोडाफार शास्त्रीय संगीताचा कान आहे त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. ८ आणि १२ खिडक्या म्हणजे २:३ हे प्रमाण, अर्थात षड्ज आणि पंचम. ९ आणि १२ म्हणजे ३:४, षड्ज आणि शुद्ध मध्यम. १० आणि १२ म्हणजे ५:६, षड्ज आणि कोमल गंधार. ब्रिटनमधील दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भोंग्यांचा जो खिन्न, पोटात खड्डा पाडणारा आवाज आहे, तो या कोमल गंधाराचा आहे. तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हे अंतर ऐकताक्षणी कळते. ज्यांना कळत नाही त्यांनी संगणकावर ध्वनीचा वर्णपट, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे याचे चित्र, काढून भोंगा स्थिर वाजत असतानाच्या दोन ठळक रेषा वाचाव्यात आणि भागाकार करावा.

बनावट ओळखताना नेमके येथेच बहुतेक नवखे घसरतात. ते एका रेषेचा आकडा वाचतात आणि कोष्टकात शोधतात. पण आकडा मोटरच्या वेगाबरोबर बदलतो. विजेचा दाब कमी असला, बेअरिंग कोरडे पडले असले, कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट झाले असले, तर मोटर मंद चालते आणि सगळे स्वर खाली सरकतात. प्रमाण मात्र बदलत नाही, कारण दोन्ही रोटर एकाच दांड्यावर असतात. एका भोंग्याची नोंद मी वर्षभर चुकीच्या बनावटीखाली ठेवली होती, कारण त्याचा वरचा स्वर अपेक्षेपेक्षा तीसेक हर्ट्झ खाली येत होता. एका संध्याकाळी सहज म्हणून दोन्ही रेषांचा भागाकार केला, तर तो अगदी ५:६ निघाला आणि माझी चूक उघडी पडली. तेव्हापासून मी आधी प्रमाण पाहतो आणि आकडा त्यानंतर. आकडाही टाकाऊ नाही: ५ आणि ६ खिडक्यांचे प्रमाणसुद्धा ५:६ च असते, पण त्याच वेगाला ते स्वर बरोबर एक सप्तक खाली असतात, आणि हा फरक आकड्याशिवाय कळत नाही.

स्वरानंतर डोळ्यांचा पुरावा. छत्रीसारख्या टोपीचा आणि चहूकडे सारखा वाजणारा भोंगा वेगळा, चारी दिशांना आखूड कर्णे लावलेला वेगळा आणि एकच मोठा कर्णा गोल फिरवणारा वेगळा. अमेरिकेत १९५० च्या नागरी संरक्षण कायद्यानंतर केंद्र सरकारचा पैसा गावोगावी पोहोचला आणि पुढच्या दोन दशकांत तेथील खांबांवर या तिन्ही जातींची गर्दी झाली. फेडरल साइन अँड सिग्नल या कंपनीचा ‘थंडरबोल्ट’ हा छंदिष्टांचा सर्वांत लाडका, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्यात तीन स्वतंत्र मोटरी असतात: एक हवा दाबणाऱ्या ब्लोअरची, एक झोत तोडणाऱ्या रोटरची आणि एक कर्णा फिरवणारी. ब्लोअरमधून पाइपाने वर आलेली दाबलेली हवा रोटर कापतो, म्हणून त्याचा आवाज साध्या भोंग्यापेक्षा दाट आणि खरखरीत येतो. त्याच काळातील क्रायस्लरचा १९५२ चा भोंगा हा निराळाच राक्षस होता. त्याला १८० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन जोडलेले होते आणि १०० फुटांवर १३८ डेसिबल हा त्याचा नोंदलेला आवाज आहे. त्याची चाचणी पाहायला मिळणे ही आता भाग्याची गोष्ट आहे, कारण जतन केलेले आणि चालू स्थितीतले नमुने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

इलेक्ट्रॉनिक भोंगे तुमच्या प्रश्नात नाहीत, पण तुम्ही वर्णन केलेला दुसरा भोंगा मला त्यांपैकी असावा असे वाटते. कसोटी सोपी आहे. इलेक्ट्रॉनिक भोंग्याचा स्वर ठरावीक वेगाने चढतो, ठरावीक वेगाने उतरतो आणि अनेकदा मध्येच तोडल्यासारखा थांबतो. यांत्रिक भोंग्याच्या चाकाला वजन असते; वीज बंद केली तरी ते लगेच थांबत नाही, हळूहळू गुरगुरत खाली येते, आणि ती गुरगुर शेवटी सुटे सुटे ठोके ऐकू यावेत इतकी मंद होते. बॅटरीवर चालणाऱ्या यांत्रिक भोंग्यांत आणखी एक खूण मिळते: तीन मिनिटे सलग वाजताना बॅटरीचा दाब उतरतो आणि स्थिर वाटणारा स्वरही वर्णपटावर किंचित खाली कललेला दिसतो.

आता चाचणीच्या वेळेविषयी. अनेक देशांत वेळापत्रक जाहीर आणि पक्के असते. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ वाजता, फ्रान्समध्ये आणि चेक प्रजासत्ताकात पहिल्या बुधवारी दुपारच्या सुमारास, स्वीडनमध्ये मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या सोमवारी दुपारी ३ वाजता, आणि स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी १:३० वाजता चाचणी होते. अमेरिकेत देशव्यापी वेळ नाही. शिकागोत महिन्याचा पहिला मंगळवार आणि सकाळचे १०, मिनेसोटात पहिला बुधवार आणि दुपारचा १, हवाईत महिन्याचा पहिला कामाचा दिवस आणि सकाळचे ११:४५, अशी प्रत्येकाची आपापली रीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत दर मंगळवारी दुपारी १२ वाजता भोंगे वाजत असत. यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी डिसेंबर २०१९ मध्ये ते बंद झाले. दर आठवड्याला वाजतोच आहे, केव्हाही मुद्रित करू, असे म्हणत राहिलेल्यांना पुढचा मंगळवार मिळाला नाही.

तुमच्या तिसऱ्या वेळी भोंगा का वाजला नसेल, याची कारणे बहुतेक साधी असतात. वादळी हवा असली तर लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून चाचणी रद्द करतात. सणाच्या किंवा सुटीच्या दिवशी ती वगळतात किंवा पुढे ढकलतात. कडक थंडीत रोटर आणि स्टेटर यांच्यामध्ये बर्फ धरला असेल तर मोटर चालू करणे म्हणजे ती जाळण्याची तयारी, म्हणून काही ठिकाणी हिवाळ्यात पूर्ण आवाजाची चाचणी घेतच नाहीत. क्षणभर वीज देऊन चाक हलते की नाही एवढेच पाहतात, त्यातून एक दबकी गुरगुर निघते आणि संपते. अलीकडे संदेश पोहोचला की नाही हे तपासणाऱ्या मूक चाचण्याही वाढल्या आहेत. आदल्या दिवशी संबंधित आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला किंवा अग्निशमन दलाला दूरध्वनी करून ‘उद्याची चाचणी आवाजाची आहे का’ एवढे सभ्यपणे विचारावे. माझा अनुभव असा की कोणी आपल्या भोंग्याविषयी आस्थेने विचारतो आहे याचे त्या माणसांना अप्रूप वाटते, आणि पुष्कळदा ‘हा खांब पुढच्या वर्षी काढणार आहोत’ ही मौल्यवान बातमी त्याच बोलण्यात मिळते. एकदा मात्र मला उलट प्रश्न आला, ‘तुम्हाला हे कशाला हवे?’ तो प्रश्न रास्त आहे. त्याचे खरे आणि साधे उत्तर तयार ठेवावे.

किती जवळ उभे राहावे, याचे उत्तर कानांपासून सुरू होते. भोंग्यांचा आवाज १०० फुटांवर, म्हणजे सुमारे ३० मीटरवर मोजून सांगण्याची पद्धत आहे. १२५ डेसिबलचा भोंगा धरला, तर मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, या हिशेबाने २४० मीटरवर १०७ डेसिबल उरतात. प्रत्यक्षात झाडे, घरे आणि जमीन आवाज खातात, म्हणून भोंग्यांचा पल्ला आखताना दर दुपटीला १० डेसिबलची घट धरतात. त्या हिशेबाने तेथेच ९५ उरतात. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटे, १०६ ला चार मिनिटांहूनही कमी आणि ११५ ला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी. म्हणजे खांबाच्या पायथ्याशी उभे राहून तीन मिनिटांची चाचणी ऐकणाऱ्याने दिवसाचीच नव्हे तर आठवड्याची शिदोरी एका बैठकीत संपवलेली असते. कर्णा वर असल्यामुळे खाली आवाज कमी येतो असे सांगणारे भेटतील. काही अंशी ते खरेही आहे, पण त्या भरवशावर कान लावू नयेत. माझ्या डाव्या कानात गेली बारा वर्षे एक बारीक शिटी वाजते. ती एका फिरत्या कर्ण्याच्या समोर, साठ मीटरवर, कानात काही न घालता काढलेल्या चार मिनिटांची आठवण आहे.

तेव्हा पहिल्या भेटीला २०० ते ४०० मीटरांच्या दरम्यान, खांब स्पष्ट दिसेल अशी सार्वजनिक जागा निवडावी आणि इअरप्लग जवळ ठेवावेत असे नव्हे, कानात घालावेत. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीनेही हेच अंतर सर्वांत चांगले आहे. खूप जवळून यंत्राची घरघर फार येते आणि दोन स्वरांचा मेळ बिघडतो. खूप लांबून प्रतिध्वनी मूळ आवाजावर चढतात. समोर मोठी सपाट भिंत असलेली जागा टाळावी. फिरत्या कर्ण्याचा आवाज जवळ येतो, अंगावरून जातो आणि दूर होतो. तो सारखा चढउतार टिपायचा असेल तर चारी बाजूंनी मोकळे मैदान हवे. वाऱ्याची दिशाही पाहावी. वारा भोंग्याकडून आपल्याकडे येत असेल तर ध्वनी जमिनीकडे वळतो आणि लांबवर ऐकू येतो. वारा उलटा असेल तर तोच भोंगा अर्ध्या अंतरावरही मिणमिणतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून ध्वनी वर उचलला जातो, त्यामुळे दुपारच्या चाचणीवरून भोंग्याची ताकद जोखणे हा त्याच्यावर अन्याय आहे. कुंपणाच्या आत जाणे, खांबाला किंवा नियंत्रण पेटीला हात लावणे, पेटीचे दार उघडे दिसले म्हणून डोकावणे, हे काहीही करू नये. भोंगा दूरवरून कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो आणि आपण तेथे काय करत होतो हे सांगणेही अवघड जाते. शाळेच्या आवारात भोंगा असेल तर कॅमेरा काढण्याआधी परवानगी घ्यावी.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमचा फोन वाईट नाही, त्याचे ‘शहाणपण’ वाईट आहे. फोन आवाजाची पातळी आपोआप सांभाळतो. चाचणीपूर्वीच्या शांततेत तो संवेदनशीलता वाढवून बसतो. भोंगा सुरू होताच आवाज फाटतो. मग तो घाबरून पातळी खाली आणतो आणि सगळे सपाट करतो. सर्वांत मोठे नुकसान शेवटी होते: चाक मंदावत असताना आवाज जसजसा कमी होतो तसतसा फोन पातळी वाढवत नेतो, आणि खरा उतार मुद्रणात उरतच नाही. म्हणून हाताने पातळी ठरवता येईल असे कोणतेही साधे, हातात मावणारे रेकॉर्डर चालेल. त्यातील स्वयंचलित पातळी आणि लिमिटर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय, बंद करावेत, मुद्रण संकुचित न होणाऱ्या वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे, आणि सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या पूर्ण पातळीच्या १२ डेसिबल खाली राहील अशा बेताने गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, ठेवावा. पहिल्याच वेळी हा बेत साधत नाही, कारण भोंग्याची तालीम मिळत नाही. पुष्कळ रेकॉर्डरांत दुसरा, खालच्या पातळीचा सुरक्षित ट्रॅक एकाच वेळी घेण्याची सोय असते, ती वापरावी.

हल्ली ३२ बिट फ्लोटच्या, म्हणजे आवाजाचे आकडे फार मोठ्या पल्ल्यात साठवणाऱ्या, रेकॉर्डरांची फार जाहिरात होते आणि पातळीची चिंता संपली असे सांगतात. ते अर्धसत्य आहे. अशा यंत्रात आकडे ओसंडत नाहीत हे खरे, पण मायक्रोफोनचा पडदा आणि त्यामागचे विद्युत मंडल (सर्किट) यांची स्वतःची मर्यादा असते. फोनमधल्या इवल्या मायक्रोफोनची ती सहसा १२० डेसिबलच्या आसपास येते. मायक्रोफोनमध्येच फाटलेला आवाज पुढे कितीही बिटांत साठवला तरी फाटलेलाच राहतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शंभर पावले मागे जाणे.

वाऱ्यासाठी फोमची टोपी पुरत नाही. केसाळ आवरण घ्यावे, आणि रेकॉर्डर हातात न धरता कमरेएवढ्या उंचीच्या ट्रायपॉडवर, झुडपाच्या किंवा स्वतःच्या शरीराच्या आडोशाला ठेवावे. खालचे स्वर कापणारी चाळणी ८० हर्ट्झच्या वर नेऊ नये. भोंग्याचा स्थिर स्वर त्याहून पुष्कळ वर असतो म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण चाक सुरू होताना आणि थांबताना स्वर शून्यापासून चढतो आणि शून्यापर्यंत उतरतो, आणि तो तळ कापला गेला तर ते दोन्ही प्रसंग मुके होतात. शक्य असेल तर मूळ मुद्रण काहीही न कापता ठेवावे आणि जी काही सफाई करायची ती प्रतीवर करावी. चलच्चित्र घेत असाल तर खांब आणि थोडे आकाश एवढीच चौकट लावून कॅमेरा स्थिर ठेवावा. झूम करत राहण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाला नंतर त्याचा पस्तावा होतो. ३०० मीटरवरून चित्रात कर्णा तुमच्याकडे वळलेला दिसतो आणि आवाज जवळजवळ एका सेकंदाने येतो. काही जण संपादनात हे अंतर मिटवतात. मी मिटवत नाही, कारण त्या विलंबावरून मुद्रण किती लांबून केले हे नंतर कोणालाही मोजता येते.

यंत्रापेक्षा महत्त्वाची एक सवय सांगतो. नियोजित वेळेच्या दहा मिनिटे आधी मुद्रण सुरू करावे आणि भोंगा थांबला असे वाटल्यावर पूर्ण दोन मिनिटे ते चालू ठेवावे. घड्याळे पुढेमागे असतात हे त्याचे किरकोळ कारण. खरे कारण असे की स्थिर स्वर हा भोंग्याचा सर्वांत कमी बोलका भाग आहे. त्या बनावटीचे सगळे भोंगे तेथे जवळपास सारखेच वाजतात. या भोंग्याची स्वतःची ओळख आरोहात आणि अवरोहात असते. चाक पूर्ण वेगाला यायला किती सेकंद लागतात यावरून मोटरची तब्येत कळते. चाक थांबायला किती वेळ लागतो यावरून बेअरिंग कळते: सुस्थितीतील चाक बराच वेळ निवांत फिरत राहते, आणि कोरड्या बेअरिंगचे चाक शेवटी कण्हत, अडखळत लवकर थांबते. थंडरबोल्टच्या बाबतीत तर मुख्य आवाजाच्या आधी ब्लोअरची घुमणारी घरघर ऐकू येते आणि ती नसेल तर यंत्रात काय बिघडले आहे हे जाणकार लगेच सांगू शकतो. एकाच भोंग्याची पाच वर्षांची मुद्रणे माझ्याकडे आहेत. त्यात थांबण्याचा काळ दर वर्षी घटत गेलेला स्पष्ट मोजता येतो. मी ते मोजमाप देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला कळवले, त्याने पुढच्या फेरीत बेअरिंग बदलले, आणि त्यानंतरच्या मुद्रणात चाक पुन्हा पूर्वीसारखे लांबवर घरंगळत थांबले. वेळेवर बटण दाबून वेळेवर बंद करणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागले नसते.

प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, वेळ, जागा, अंतर, वाऱ्याची दिशा, तापमान आणि गेनचा आकडा बोलून ठेवावा. कागद हरवतो, फाइलचे नाव बदलते. मुद्रणात बोललेले मुद्रणाबरोबर राहते. त्यानंतर मात्र तोंड बंद ठेवावे. सोबत कोणी असेल तर त्यालाही आधीच सांगावे. भोंगा सुरू होताच ‘अरे वा’ म्हणणाऱ्या माझ्या भाच्याचा आवाज एका अतिशय दुर्मीळ मुद्रणात कायमचा बसला आहे. तो आता मोठा झाला आहे आणि ते मुद्रण मी वेगळ्याच कारणासाठी ऐकतो, हा भाग निराळा.

दोन बाबतींत मी फार कडक आहे. पहिली, भोंगे सुरू करणाऱ्या रेडिओ संकेतांची मुद्रणे करून ती प्रसृत करू नयेत. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरात कोणीतरी रेडिओवरून बनावट संकेत पाठवून १५६ भोंगे एकदम वाजवले. मध्यरात्र उलटून गेल्यावरही ते पुन्हा पुन्हा वाजत होते आणि आणीबाणीच्या दूरध्वनी सेवेवर हजारो घाबरलेल्या लोकांचे फोन आले. यानंतर अनेक ठिकाणी यंत्रणा सांकेतिक आणि अधिक बंदिस्त झाल्या, आणि आपल्यासारख्या निरुपद्रवी माणसांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. दुसरी, मुद्रण घराबाहेर मोठ्याने वाजवू नये. जे आपल्याला सुरेल वाटते ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला धोक्याचे वाटते, आणि खोट्या इशाऱ्यांची सवय झालेले लोक खऱ्या इशाऱ्याला घरातच बसून राहतात. मुद्रण इतरांना ऐकायला देताना ते चाचणीचे आहे हे नावातच, तारखेसकट, लिहावे.

भोंगा काढला जाणार असे कळले तर जतनासाठी अर्ज करण्याआधी त्याचे वजन विचारून घ्यावे. चारशे किलोचे लोखंड उतरवायला क्रेन लागते, ठेवायला जागा लागते आणि वाजवायला तीन फेजची वीज लागते. उत्साहात घेतलेले आणि अंगणात गंजलेले भोंगे मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्याला हे झेपत नाही त्याने नावाच्या पट्टीचे स्वच्छ छायाचित्र मिळवावे. तिच्यावर बनावट, अनुक्रमांक, मोटरचा दाब आणि फेरे असतात, आणि तुमच्या जुन्या मुद्रणातील स्वरांचा हिशेब त्या फेऱ्यांशी ताडून पाहता येतो.

तुमच्या पहिल्या भोंग्याविषयी: तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत फाटलेल्या मुद्रणातून वाचलेल्या दोन रेषा ५६० आणि ६७२ हर्ट्झच्या आहेत. त्यांचे प्रमाण ५:६ येते, म्हणजे १० आणि १२ खिडक्या, आणि फेरे मिनिटाला ३,३६०. साठ हर्ट्झच्या पुरवठ्यावरील मोटरसाठी हे थोडे मंद आहे. आवाज फाटला तरी स्वराचा आकडा बदलत नाही, त्यामुळे हा दोष मुद्रणाचा नसून मोटरचा किंवा विजेच्या दाबाचा असावा. पुढच्या चाचणीला तीनशे मीटरवर उभे राहा, चाक पूर्ण वेगाला यायला लागणारे आणि पूर्ण थांबायला लागणारे सेकंद मोजा, आणि ते दोन आकडे मला कळवा. त्यावरून दोहोंपैकी कोणते कारण आहे याचा अंदाज बांधता येईल.